आपत्काळातील हौशी रेडिओ : नियम, मर्यादा आणि वैद्यकाचे कर्तव्य

काळी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटातील रस्ते, विजेच्या तारा आणि दूरध्वनीची सेवा या तिन्ही गोष्टी पावसाच्या मर्जीवर चालतात. यांपैकी एक बंद पडली तर आपण निभावून नेतो. तिन्ही एकाच रात्री बंद पडल्या, तर दवाखान्यातील डॉक्टर आणि त्याच्यासमोरचा रुग्ण उर्वरित जगापासून तुटतात. अशा वेळी उपयोगी पडू शकणाऱ्या एका जुन्या, साध्या पण आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या साधनाविषयी, म्हणजे हौशी रेडिओविषयी, प्रस्तुत लेखात काही विवेचन करण्याचा विचार आहे.

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि छंद म्हणून हौशी रेडिओचा परवाना बाळगून आहे. आपल्या मंडळाच्या बैठकांत हा विषय निघाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : "जीव वाचवायची वेळ आली असता नियम कसले पाहता? यंत्र हाती असेल तर सरळ बोलावे." प्रश्न विचारणाऱ्याच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. तथापि या विषयातील नियम मदतीच्या आड येण्यासाठी केलेले नाहीत. मदत योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत आणि विश्वासार्ह रीतीने पोहोचावी म्हणून ते केलेले आहेत. ते कसे, हेच येथे सांगावयाचे आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

ज्याला बोलीभाषेत 'हॅम रेडिओ' म्हणतात ती हौशी रेडिओ सेवा ही आत्मशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक संशोधन यांसाठी असलेली, जगभर मान्यता पावलेली सेवा आहे. तिच्यात आर्थिक लाभाला स्थान नाही. परीक्षा देऊन, शासनाचा परवाना घेऊन, स्वतःचे ओळखचिन्ह धारण करणारी व्यक्तीच ती चालवू शकते. भारतातील बहुतेक ओळखचिन्हे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे चिन्ह 'व्हीयू२आरजी' असे होते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल.

या सेवेचे मोठे वैशिष्ट्य असे की तिला मधला कोणताही टॉवर, केबल वा एक्स्चेंज लागत नाही. एका टोकाला यंत्र, बॅटरी आणि एक तार. दुसऱ्या टोकालाही तेवढेच. मध्ये फक्त आकाश. मोबाइलचे जाळे कोसळते तेव्हा हे साधन टिकून राहते, त्याचे कारण एवढेच आहे की कोसळण्यासारखे त्याच्यात मध्ये काही नसते.

आपल्या परिसराची गरज

गणेशगुडीचे सुपा धरण हे १०१ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण आहे. त्याच्या जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर असून साठवणक्षमता सुमारे १४७ टीएमसी आहे. तालुक्याला ज्याचे नाव होते ते जुने सुपा गाव या जलाशयाच्या पोटात गेले आणि कारभार जोयड्याला आला. धरणाखाली नदीवर बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी व कद्रा ही धरणे साखळीने येतात. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे. शेवटी सदाशिवगड-कारवार येथे नदी समुद्राला मिळते. जिल्ह्याचे मुख्यालय कारवार आपल्यापासून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये अणशीचा घाट व दाट अरण्य आहे.

गेल्या काही वर्षांतील घटना आठवून पाहाव्यात. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि कद्रा धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावांत शिरले. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर खचून जीवितहानी झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, कारवार व सदाशिवगड यांना जोडणारा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. रस्ता, पूल आणि डोंगर यांचा भरवसा पावसाळ्यात किती धरावा, हे यावरून कळते. मोबाइल टॉवरची बॅटरी वीज गेल्यावर काही तास तग धरते. त्यापुढे डिझेल पोहोचवणारी गाडी त्याच खचलेल्या रस्त्याने यावी लागते.

नियमांची तीन वर्तुळे

आपत्काळातील हौशी रेडिओचे नियम समजून घेण्यासाठी एकात एक असलेली तीन वर्तुळे डोळ्यांपुढे आणावीत.

सर्वांत बाहेरचे वर्तुळ नित्याच्या व्यवहाराचे. येथे परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाशी तांत्रिक वा किरकोळ वैयक्तिक स्वरूपाचे बोलू शकतो. धंद्याचा निरोप, बातमी प्रसारित करणे, करमणुकीचे कार्यक्रम, मोबदल्यासाठी केलेले संदेशवहन यांना येथे मज्जाव आहे. बोलणे उघड भाषेत असावे लागते. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. आपले ओळखचिन्ह आरंभी, शेवटी आणि मध्ये ठरावीक अंतराने सांगावे लागते व संभाषणाची नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांनी हे विशेष लक्षात घ्यावे : आपल्या नेहमीच्या दवाखान्याचा कारभार, औषधविक्रेत्याला मागणी, कंपाउंडरला सूचना, यांसाठी हा रेडिओ नाही.

दुसरे वर्तुळ त्रयस्थांच्या संदेशांचे. त्रयस्थ म्हणजे जो स्वतः परवानाधारक नाही, पण ज्याचा निरोप परवानाधारक पोहोचवतो तो. एरवी असे संदेश वर्ज्य आहेत. परंतु हौशी सेवेसंबंधीच्या १९७८ च्या भारतीय नियमांत एक महत्त्वाचा अपवाद ठेवला गेला. नेहमीची दूरसंचार सेवा बंद पडलेली असेल, आणि संदेश भूकंप, पूर, वादळ, दूरवर पसरलेली आग यांसारख्या नैसर्गिक आपत्तीविषयी असेल, तर तो संदेश हाताळता येतो. मात्र तो सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेला आणि सक्षम मुलकी अधिकाऱ्यालाच उद्देशून असावा लागतो. असे अधिकारी कोण, तर केंद्र व राज्य शासनाच्या खात्यांचे सचिव दर्जाचे अधिकारी, जिल्हाधिकारी, आणि त्यांनी अधिकार दिलेले अन्य अधिकारी. या शेवटच्या शब्दांकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे, कारण आपल्या गावाच्या दृष्टीने सर्व किल्ली तेथेच आहे.

तिसरे, सर्वांत आतले वर्तुळ प्रत्यक्ष संकटाचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीच्या चौथ्या अनुच्छेदात अशी तरतूद आहे की संकटात सापडलेल्या केंद्राने, अथवा त्याला साहाय्य करणाऱ्या केंद्राने, लक्ष वेधण्यासाठी, आपली अवस्था व ठिकाण कळवण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी वा देण्यासाठी हाताशी असेल ते रेडिओसाधन वापरले, तर नियमावलीतील कोणतेही कलम त्याच्या आड येत नाही. म्हणजे "जीव वाचवायची वेळ आली असता" या प्रश्नाचा विचार नियमकर्त्यांनी आपल्या आधीच करून ठेवला आहे. पण ही तरतूद प्रत्यक्ष संकटाच्या क्षणापुरती आहे. तिच्या आधारे विनापरवाना यंत्र विकत घेऊन कपाटात ठेवण्याचा हक्क कोणाला मिळत नाही, आणि खोटा संकटसंदेश देणे हा तर सर्वत्र गंभीर अपराध मानला जातो.

या तिन्ही वर्तुळांच्या भोवती आणखी एक कुंपण आहे. सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी रेडिओ केंद्रे बंद करण्याचा वा ताब्यात घेण्याचा अधिकार शासनाकडे असतो. १८८५ च्या तार कायद्यात तो होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो आहे. तसा आदेश आल्यास परवानाधारकाने यंत्र थांबवावे, वाद घालू नये.

अधिकाऱ्याची अट कशासाठी?

वरकरणी ही अट लालफितीची वाटते. खोलीत चार रुग्ण विव्हळत असताना अधिकाऱ्याची सही शोधत फिरावे काय, असा उद्वेग कोणालाही येईल. परंतु आपल्याच खोऱ्याचे उदाहरण घेऊन पाहू.

समजा, मुसळधार पावसात कोणी परवानाधारक सद्भावनेने बोलून गेला की "वरच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणतात, पाणी खाली येत आहे." हे वाक्य दहा ठिकाणी ऐकले जाईल. ऐकणारा 'म्हणतात' हा शब्द गाळील, त्यापुढचा 'उघडले' ऐवजी 'फुटले' म्हणेल. साखळीने उभ्या असलेल्या धरणांच्या खाली राहणाऱ्या माणसांवर या एका वाक्याचा परिणाम काय होईल? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात जे घडले, त्याची आठवण मराठी माणसाच्या मनातून अद्याप गेलेली नाही. रात्रीच्या अंधारात, निसरड्या वाटेने, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन लोक धावू लागतील आणि न आलेल्या पुराने माणसे दगावतील. उलट, खरोखरच विसर्ग वाढवायचा असेल आणि अधिकाऱ्याचा संदेश त्याच्या नावानिशी, वेळेनिशी व शब्दशः पोहोचला, तर तीच माणसे वेळेवर उंचावर जातील. दोन्ही प्रसंगी यंत्र तेच, आवाज तोच. फरक आहे तो संदेश कोणाचा आहे याचा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आवश्यक केला आहे. इशारा कोणी व केव्हा द्यावा हे ठरवणे हे त्या यंत्रणेचे काम आहे. रेडिओचालकाचे काम तो इशारा कानामात्रेचा फरक न करता पोहोचवण्याचे.

डॉक्टरांना हे पटण्यास अडचण पडू नये. तोंडी सांगितलेली औषधयोजना आणि सहीनिशी लिहिलेली औषधयोजना यांतील अंतर आपल्याला पुरते ठाऊक आहे.

काही दाखले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-धाराशिव परिसर भूकंपाने हादरला. किल्लारी आणि आसपासच्या गावांतील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या आपत्तीत आणि पुढे २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपातही हौशी रेडिओचालकांनी आपली यंत्रे घेऊन संदेशवहनास हातभार लावला.

सर्वांत बोलका दाखला अंदमानचा. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद या डिसेंबर २००४ मध्ये पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू छंदाचा होता. अंदमानातून अनेक वर्षे हौशी प्रक्षेपण झालेले नसल्याने, शासनाची रीतसर अनुमती घेऊन, जगभरच्या मित्रांशी तेथून संपर्क साधावयाचा होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचे दूरध्वनी मुके झाले. त्या क्षणी छंद थांबला आणि तीच यंत्रे प्रशासनाच्या व आप्तांच्या शोधात असलेल्या कुटुंबांच्या कामी आली. कार निकोबारपर्यंत संपर्काचा दुवा उभा राहिला. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की त्या पथकाकडे अनुमती आधीपासून होती आणि प्रशासनाशी परिचयही आधीपासून होता. संकट आल्यावर ओळख करून घ्यावी लागली असती, तर पहिले मोलाचे तास त्यातच गेले असते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हाच विचार पुढे आला. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने नियमावलीच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सुधारणा करून, हौशी केंद्रांना आपत्ती-साहाय्याची पूर्वतयारी करू द्यावी असे राष्ट्रांना सुचवले. एका देशातून दुसऱ्या देशात त्रयस्थांचे संदेश नेण्यासही आपत्तीच्या काळात मुभा ठेवली. आपत्तीत दूरसंचार साधने सीमापार नेणे सुकर करणारा टाम्पेरे करार ८ जानेवारी २००५ रोजी अमलात आला. योगायोग असा, की तेव्हा त्सुनामीला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. अमेरिकेत २०१० मध्ये एक बदल झाला, तो डॉक्टरांना उद्बोधक वाटेल. तेथे नोकरीच्या ठिकाणासाठी हौशी रेडिओ वापरण्यास बंदी असे. परंतु आपत्तीच्या सरावात रुग्णालयातील परवानाधारक कर्मचाऱ्यांना रुग्णालयाच्या वतीने बोलता यावे म्हणून नियम शिथिल केला गेला. सरावाशिवाय साधन निरुपयोगी, हे तेथील नियमकर्त्यांनीही मान्य केले.

रुग्णाचे गुपित आणि उघडे आकाश

आता डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा. हौशी रेडिओवरचे बोलणे कोणीही ऐकू शकतो आणि ते सांकेतिक भाषेत गुंडाळण्यास मनाई आहे. दुसरीकडे, वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेने, म्हणजे २००२ च्या विनियमांनी, रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन आपल्यावर घातले आहे. एक नियम म्हणतो झाकू नका, दुसरा म्हणतो उघड करू नका. मग करावे काय?

माझ्या मते या दोहोंत खरा विरोध नाही. नाव न सांगणे म्हणजे सांकेतिक भाषा वापरणे नव्हे. ज्याला मदत पाठवायची आहे त्याला रुग्णाचे नाव, जात, गाव, घराणे यांची गरजच नसते. त्याला वय, लिंग, प्रकृतीची अवस्था आणि हवी असलेली मदत एवढेच पुरते. "रुग्ण क्रमांक तीन, पुरुष, वय चाळीस, सर्पदंश, श्वसनाचा त्रास सुरू" हे वाक्य पूर्णपणे उघड भाषेतले आहे आणि तरीही त्यातून कोणाचे गुपित फुटत नाही. नाव व क्रमांक यांची वही दवाखान्यात राहते. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, विषप्राशन अशा बाबी तातडीच्या उपचारास अत्यावश्यक असल्याखेरीज हवेत उच्चारू नयेत. लहान गावात "अमुक वाडीची विशीतली मुलगी" एवढे म्हटले तरी सर्वांना कळते, हेही विसरू नये.

मृतांची नावे रेडिओवर कधीही वाचू नयेत. घरच्यांना ती वार्ता माणसाच्या तोंडून, माणसाच्या सोबतीत कळावी. रेडिओच्या खरखरीतून नव्हे.

संदेश कसा द्यावा?

आपत्तीतील संदेश हे संभाषण नसते, तो दस्तऐवज असतो. म्हणून तो आधी कागदावर लिहावा. त्याची अंगे अशी : अनुक्रमांक, अग्रक्रम, म्हणजे आपत्कालीन, तातडीचा, क्षेमकुशलाचा की साधा, दिनांक व चोवीस तासांच्या पद्धतीची वेळ, पाठवणारा अधिकारी, घेणारा अधिकारी, मजकूर, आणि मजकुरातील शब्दसंख्या. घेणाऱ्याने संपूर्ण संदेश परत वाचून दाखवावा. शब्दसंख्या जुळली नाही तर संदेश पोहोचला असे समजू नये.

नमुन्यादाखल, काल्पनिक संदेश असा असेल : "क्रमांक तीन. अग्रक्रम आपत्कालीन. वेळ एक-चार-एक-पाच. प्रेषक, तहसीलदार, जोयडा. प्रति, जिल्हाधिकारी, कारवार. मजकूर : पुरामुळे रस्ता बंद. आरोग्य केंद्रात सर्पदंशाचे रुग्ण दोन, पैकी एक गंभीर. सर्पविषावरील लसीच्या कुप्या दोन-शून्य तातडीने हव्यात. दांडेलीकडील रस्ता खुला असल्यास कळवावे." यात विशेषण नाही, विनवणी नाही, घेणाऱ्याला निर्णय घेता येईल एवढे सर्व आहे.

आकड्यांविषयी एक सूचना आपल्या भाषेपुरती. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांतले अंतर खरखरीत हरवते. औषधाची मात्रा अशी हरवणे परवडणारे नाही. म्हणून प्रत्येक अंक सुटा उच्चारावा : "पाच-नऊ", "सहा-नऊ". औषधाचे नाव एकदा म्हणून मग आंतरराष्ट्रीय उच्चारमालेने, म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली या पद्धतीने, अक्षरशः सांगावे. आपल्या भागात मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा नांदतात. संदेश मात्र घेणारे कार्यालय ज्या भाषेत काम करते तीतच लिहावा. कारवारचे कार्यालय कन्नडमध्ये चालते, हे ओळखून कन्नड उत्तम लिहिणारी एक व्यक्ती रेडिओजवळ असणे हिताचे.

आणि सर्वांत पहिला नियम बोलण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. संकटसंदेश कानी पडला तर प्रथम गप्प राहावे, लिहून घ्यावे, दुसरे कोणी उत्तर देत आहे का पाहावे. कोणीच देत नसेल तर उत्तर द्यावे आणि लगेच प्रशासनाला कळवावे. हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्कालीन संपर्कासाठी काही लहरी सुचवल्या आहेत. भारत ज्या तिसऱ्या विभागात मोडतो तेथे ७११० किलोहर्ट्झ ही त्यांपैकी एक. १४३०० किलोहर्ट्झ ही तर जगभर ओळखली जाणारी. त्या अवतीभवती गप्पा मारणे टाळावे.

डोंगराळ मुलखातील साधने

हातात मावणारा संच सहसा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात तो छान चालतो. आपल्याकडे मात्र पहिली डोंगरसोंड आली की आवाज संपतो. वसाहतीतल्या वसाहतीत, दवाखाना ते शाळा, एवढ्यापुरता तो उपयोगी.

दूरच्या संपर्कासाठी उच्च वारंवारतेचा संच हवा, आणि त्याची तार मुद्दाम बुटकी बांधावी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण सुमारे वीस मीटर लांबीची तार जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवर आडवी ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परतून छत्रीसारख्या खाली पडतात. तीन-चारशे किलोमीटरपर्यंतचा सर्व प्रदेश त्या छत्रीखाली येतो. मधल्या डोंगरांचा अडसर उरत नाही. माझ्या अंगणातील अशाच तारेवरून दिवसा पुणे आणि बंगळूरचे आवाज स्वच्छ ऐकू येतात, पण हातातल्या संचावर पलीकडच्या खोऱ्यातला मित्र ऐकू येत नाही. रात्री आयनांबर विरळ होते, तेव्हा ८० मीटरच्या पट्ट्यावर उतरावे लागते.

विजेचा हिशेब डॉक्टरांनी सलाइनच्या थेंबांसारखा करावा. शंभर वॅटचा संच ऐकताना साधारण एक अँपिअर आणि बोलताना वीस अँपिअर घेतो. चोवीस तास ऐकणे आणि एकूण तासभर बोलणे, मिळून ४४ अँपिअर-तास झाले. शंभर अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असे धरले, तर ती सुमारे एक दिवस पुरेल. शक्ती कमी ठेवली आणि मोजके बोलले तर अधिक. विजा चमकत असतील तेव्हा मात्र तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. मदत करणाराच रुग्ण होऊन बसू नये.

परवाना आणि पूर्वतयारी

परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेकडून मिळतो. बारा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती परीक्षेस बसू शकते. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. प्रतिबंधित व सामान्य अशा दोन श्रेणी असून सामान्य श्रेणीत अधिक लहरी व अधिक शक्ती वापरता येते. एमबीबीएसच्या परीक्षा दिलेल्यांना हा अभ्यास जड जाऊ नये. आपल्या मुलांनाही तो आवडेल. २०२३ च्या कायद्यानंतर दूरसंचाराची नियमावली नव्याने बांधली जात असल्याने, अर्जाच्या वेळी चालू नियम पाहून घ्यावेत.

बाजारात स्वस्त हातसंच सहज मिळतात. त्यांतले बरेच परवान्याविना बाळगणे वा वापरणे बेकायदा आहे. ज्यांना परवाना नको त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवान्यातून सूट आहे. दवाखान्याच्या आवारात ते पुरेसे ठरतात.

आता त्या किल्लीकडे वळतो. नियमात "जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले अन्य अधिकारी" असे शब्द आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात. म्हणजे एकाच टेबलावरून दोन्ही प्रश्न सुटू शकतात. दरड कोसळलेल्या रात्री कारवारची सही मिळणार नाही. ती मे महिन्यात मिळू शकते. म्हणून माझी मंडळाला सूचना अशी : पावसाळ्यापूर्वी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यावे. त्यात परिसरातील परवानाधारकांची ओळखचिन्हे कळवावीत आणि आपत्तीत संदेश देण्या-घेण्याचा अधिकार गावपातळीवर कोणत्या अधिकाऱ्यास, विशेषतः तालुक्याच्या महसूल व आरोग्य अधिकाऱ्यांपैकी कोणास, राहील हे लेखी मागावे. त्या उत्तराची प्रत यंत्राजवळ लावावी. वर्षातून दोनदा, दिवसा एकदा व रात्री एकदा, सराव करावा. सरावाच्या प्रत्येक संदेशाच्या आरंभी व अखेरीस "हा सराव आहे" असे स्पष्ट म्हणावे.

एवढे झाले तर सर्पदंशाचा तो काल्पनिक संदेश नियमांच्या दुसऱ्या वर्तुळात निर्वेधपणे बसतो. डॉक्टरला कायदा आणि रुग्ण यांच्यात निवड करावी लागत नाही. एका कागदाचे हे काम आहे आणि ते कोरड्या दिवसांतच होते.

आपण औषधांच्या कपाटात ॲड्रेनलिनची कुपी ठेवतो. ती वर्षभर लागत नाही, तरी तिची मुदत तपासतो, कारण लागेल तेव्हा शोधायला वेळ नसतो. परवाना, पत्र आणि चार्ज केलेली बॅटरी यांना त्याच कप्प्यात जागा द्यावी, एवढीच सर्व व्यावसायिक बंधुभगिनींना व गावकऱ्यांना नम्र विनंती.